न घेतलेल्यांचं काय झालं?

स्ट्रेचरवर आडवे पडलेले, कपाळावर घाम, ओठ जांभळे, छातीला वायरी चिकटवलेल्या, आणि अशा अवस्थेत जाधव सरांनी समोरच्या डॉक्टरला दहापैकी तीन मार्क दिले.

"तीन," ते म्हणाले. "तुम्ही मला 'समजलं ना काका' असं विचारलंत. तिथंच बाकीचे गेले."

डॉक्टर तरुण होता. त्याला वाटलं म्हातारा बरळतोय. त्याने माझ्याकडे बघितलं.

"बरळत नाय," मी म्हटलं. "ते असेच हायेत."

सरांना हार्ट अटॅक आला होता. हृदयाची एक नळी तुंबली होती. ती लगेच उघडायची तर कागदावर सरांची सही हवी होती. जितका उशीर तितकं हृदय मरणार, असं डॉक्टरने सरळ सांगितलं. कागद सरांच्या पोटावर होता, पेन नर्सच्या हातात होतं, आणि भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"समजल्याशिवाय मी सही करत नाही," सर म्हणाले. "आजवर कुणाला करू दिलेली नाही."

आता हा माणूस कोण आणि मरायच्या वेळी मार्क का देत होता, ते सांगते. सर तिकडे स्ट्रेचरवर आहेत हे मी विसरलेले नाही. तुम्हीही विसरू नका.

वामन जाधव म्हणजे कामोठ्यात आमच्या शेजारचा फ्लॅट. मूळ गाव महाडकडे. मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत ते पुस्तकं उचलून ठेवायला लागले आणि ग्रंथपाल होऊन निवृत्त झाले. लग्न केलं नाही. का केलं नाही ते मी एकदा विचारलं होतं. "राहून गेलं," म्हणाले. तेवढंच.

मी इथलीच, खाडीकाठच्या गावातली. चौथी शिकले आणि चाळीस वर्षं मासे विकले. गुडघे गेले तेव्हा मुलाने टोपली सोडायला लावली आणि या तिसऱ्या मजल्यावर आणून बसवलं. सर राहायला आले त्या आठवड्यात त्यांना सर्दी झाली होती. भिंतीतून शिंका ऐकू यायच्या. मी जवळ्याची चटणी करून नेऊन दिली आणि सांगितलं, ही खा, सर्दी पळते.

सरांनी डबा हातात घेतला, आत बोलावलं नाही, दारातच विचारलं, "कोण म्हणालं?"

"माजी सासू."

"कुठं लिहिलंय?"

"सासूला लिवता येत नव्हता."

"किती जणांवर करून बघितलं?"

"तिनं सोताच खाल्ली. बरी झाली."

"आणि न घेतलेल्यांचं काय झालं?"

मला कळेना. "कोन न घेतलेले?"

"ज्या सासूनं चटणी खाल्ली नाही, तिची सर्दी किती दिवसांत गेली?"

मी म्हटलं, मना एकच सासू होती, आणि ती पन जास्त झाली. सर हसले नाहीत. मान डोलावून म्हणाले, "म्हणजे माहिती अपुरी आहे." आणि डबा घेऊन दार लावलं. दुसऱ्या दिवशी डबा धुऊन परत आला. वर कागदाची पट्टी चिकटवलेली. चटणी मिळाली ती तारीख, संपली ती तारीख, आणि खाली लिहिलेलं, 'सर्दी तशीच. चव उत्तम.'

मला राग आला होता. पण चव उत्तम हे त्यांनी लिहून दिलं होतं. माझ्या मुलाने आणि सुनेने इतक्या वर्षांत तसं तोंडीसुद्धा सांगितलेलं नाही.

पट्ट्या लावणं हा त्यांचा रोगच आहे. दह्याच्या भांड्यावर लावल्याची वेळ. कोथिंबिरीच्या जुडीला तारीख. लोणच्याच्या बरणीवर तर दोन, एक घातल्याची आणि एक पहिल्यांदा उघडल्याची. एकदा मी त्यांच्याकडे चहाला बसले होते आणि बराच वेळ उठले नाही, तेव्हा मला वाटलं आता माझ्यावरही एक पट्टी येते.

आणि ते चार प्रश्न. कोण म्हणालं, कुठं लिहिलंय, किती जणांवर, न घेतलेल्यांचं काय झालं. भाजीवाला म्हणाला दुधीने बीपी उतरतं, की लागले चार प्रश्न. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी पेरूच्या पानांचा काढा टाकला, की खाली सरांचे चार प्रश्न, एकाखाली एक, आकडे घालून. आमचे सेक्रेटरी पाटील रोज सकाळी फुलांच्या चित्रासोबत आरोग्याचा एक सल्ला टाकतात. त्यांनी महिनाभर सहन केलं आणि सरांना ग्रुपमधून काढलं. मग सल्ले लिफ्टमध्ये चिकटवायला सुरुवात केली, तिथे सर नाहीत म्हणून. चार दिवसांनी त्या कागदाखाली पेन्सिलने बारीक अक्षरात उमटलं, 'कोण म्हणालं?' पाटलांनी बिल्डिंगमधल्या सगळ्या मुलांची वह्यांवरची अक्षरं तपासली. ते अक्षर कुणाचं ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी बोलले नाही. पाटील माझ्याकडून कधी मासे घ्यायचे नाहीत, नुसते भाव विचारून जायचे.

दर रविवारी सकाळी सरांच्या हॉलमध्ये वर्ग भरतो. चार-पाच जण असतात, सगळे नवखे. कुणी हॉस्पिटलात नुकतं लागलेलं, कुणी घरोघर फिरून आजारांची पाहणी करणारं, कुणी नवीन औषधाच्या अभ्यासात पेशंटना सामील करून घ्यायच्या कामावर. सर त्यांच्याकडून पैसे घेत नाहीत, फक्त चपला ओळीत काढायला लावतात. "यांना कॉलेजात सगळं शिकवतात," ते मला म्हणाले होते, "खरी माहिती शोधायची कशी आणि ती माणसाला सांगायची कशी, एवढी दोनच सोडून."

पहिली गोष्ट शिकवायला ते आमच्याच लिफ्टमधला कागद वापरायचे. एकदा पाटलांचा कागद होता, रोज उपाशीपोटी दोन लिटर गरम पाणी प्या, गुडघेदुखी जाते. सरांनी वर्गाला सांगितलं, हा सल्ला आला कुठून ते शोधून आणा. ती पोरं आठवडाभर हिंडली. पाटलांना मेव्हणीने पाठवला होता. मेव्हणीला तिच्या जिममधल्या बाईने. त्या बाईला जुईनगरच्या एका दुकानदाराने. तो दुकानदार गरम पाण्याच्या बाटल्या विकत होता. सर इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांना सात मार्क दिले. सातच्या वर ते कधी जात नाहीत.

दुसऱ्या गोष्टीसाठी त्यांना मी लागले.

"हिराबाई, मला एक पेशंट हवाय," दारात उभे राहून म्हणाले. "फार शिकलेला नको. आणि खोटं न बोलणारा."

"मी चालीस वर्सं मासे विकले, सर. मी खोटा बोलत नाय असा कोन म्हनाला?"

त्यांनी मान डोलावली. माझा पहिला पॉइंट. मग म्हणाले, "बरं. खोटं ओळखणारा."

"मग मी हाय."

काम सोपं होतं. मी सरांच्या खुर्चीत पेशंट म्हणून बसायचं. नवख्याने माझ्यासमोर बसून मला औषधाच्या अभ्यासाची माहिती सांगायची आणि संमतीपत्रावर माझी सही मागायची. मी काय करायचं? सरांनी मला आत स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगितलं, "तुम्ही फक्त मान हलवायची. कळो न कळो."

"आनि मग?"

"मग जो तुमच्या मानेवर विश्वास ठेवून पुढं गेला, तो नापास."

हे मला लगेच कळलं. बाजारात जे गिऱ्हाईक मान हलवतं, हो हो, ताजा आहे ना, छान आहे ना, त्याला माशातलं काही कळत नसतं. ज्याला कळतं तो बोलत नाही, माशाचा कल्ला उचलून आत लाल आहे का ते बघतो. सरांना मी हे सांगितलं. त्यांनी खिशातून वही काढून लिहून घेतलं, वर तारीख टाकली आणि पुढच्या रविवारी वर्गाला सांगितलं, "पेशंटची मान बघू नका. कल्ला उचला." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यातली दोन शाकाहारी होती.

कल्ला उचलायचा म्हणजे काय, तर समजलं का असं विचारायचंच नाही. समजलं का विचारलं की माणूस लाजेने हो म्हणतो. त्याऐवजी म्हणायचं, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय, आता तुम्ही मला सांगा, आपण काय करणार आहोत. आणि तो सांगेपर्यंत गप्प बसायचं. हे गप्प बसणं कुणालाच जमत नाही. मी घड्याळ लावून बघितलंय.

प्रणाली आली ती पावसाळा संपताना. परभणीकडची. करंजाड्यात तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहायची. एका मोठ्या हॉस्पिटलच्या संशोधन विभागात तिला पहिलीच नोकरी लागली होती आणि तिथल्या कुणीतरी तिला सरांकडे पाठवलं होतं. माझ्यासमोर बसली, कागद उचलला आणि श्वास न घेता चारही पानं वाचून काढली. मी मान हलवत होते. शेवटी म्हणाली, "समजलं ना मावशी?" मी मान हलवली. तिने पेन पुढे केलं.

"थांब," सर म्हणाले. "हिराबाई, काय समजलं तुम्हाला?"

"मना हा समजला का या पोरीला लघवीला लागलेय, पन जागा कुटं ते विचारायची लाज वाटतेय."

ते खरं होतं. ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. सरांनी दोन मार्क लिहिले. मग आतून रडण्याचा आवाज आला आणि सरांचा चेहरा पांढरा पडला. या माणसाला माहिती देता येते, धीर देता येत नाही. ते बंद दारापाशी गेले, घसा साफ केला आणि म्हणाले, "रडण्याला मार्क नाहीत. पण चहा आहे." मग स्वतःच चहा केला. आलं घालताना आल्यावरची पट्टी काढून ओट्याला चिकटवली.

त्यानंतर ती लागोपाठ तीन रविवारी नापास झाली. चौथ्या खेपेला ती कागद घेऊन बसली नाही. हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "मावशी, हे औषध चांगलंय का वाईट, ते आमाला बी अजून माहीत नाही. म्हणून बघायलोत. अर्ध्या माणसांना खरं औषध, अर्ध्यांना तशीच दिसणारी साखरेची गोळी. कुणाला काय, ते चिठ्ठी टाकून ठरतं."

"डॉक्टरला पन म्हाईत नसनार?"

"न्हाई."

आता हे मला पटलं. आमच्या बाजारात बसायच्या जागा चिठ्ठ्या टाकूनच ठरायच्या. जिला दाराजवळची जागा मिळाली तिचा माल आधी जायचा. पण ती बाई हुशार म्हणून माल गेला की जागा बरी म्हणून, ते कळायला चिठ्ठीच हवी. नाहीतर हुशार बायका आधी येऊन चांगली जागा धरणार आणि मग जागेला श्रेय. मी हे तिला सांगितलं. सरांची वही बाहेर आली.

"आनि अजून एक," मी म्हटलं. "मना डायबिटीस हाय. साखरेची गोली देनार तर आधी सांगा."

प्रणालीने सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "हा प्रश्न मला इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरने विचारला नाही." मग प्रणालीला म्हणाले, "उत्तर माहीत नसेल तर काय म्हणायचं?"

"माहीत नाही, विचारून सांगते," ती म्हणाली.

सरांनी तिला सात दिले. तिने घरी जाऊन आईला फोन केला. चिठ्ठीचा माझा दाखला सर अजून 'म्हात्रे पद्धत' म्हणून शिकवतात. मी चौथी पास बाई, माझ्या नावाची पद्धत आहे. पाटलांच्या नावाची नाही.

सर असे दुसऱ्याच्या तब्येतीला जपणारे. स्वतःच्या बाबतीत काय केलं, ते ऐका.

त्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास त्यांच्या दारावर आतून थाप पडली. बाहेरून नव्हे, आतून. माझ्याकडे त्यांची जादा किल्ली असते. उघडलं तर सर दाराला टेकून खाली बसलेले, एक हात छातीवर, दुसऱ्या हातात वही. आमच्या घरात सून अँब्युलन्सला फोन करत होती. मी वही घेतली. त्यात लिहिलेलं होतं, 'बुधवार. जिना, दुसरा मजला. छातीत दाब. दोन मिनिटं. गुरुवार. जिना, दुसरा मजला. दाब. तीन मिनिटं. डावा हात जड.' असं रोज. लिफ्ट चालू असताना हा माणूस रोज मुद्दाम जिना चढत होता, रोज त्याच वेळी, नीट मोजता यावं म्हणून.

"हा काय हाय?" मी विचारलं.

"नोंदी," सर म्हणाले. बोलताना त्यांना धाप लागत होती. "एका दिवसावरून निष्कर्ष काढत नाहीत. सात दिवस झाले की डॉक्टरकडं जाणार होतो. आज सातवा."

मी त्या वेळी जे बोलले ते इथे लिहीत नाही. बाजारातली भाषा होती. माझी सून आतून बाहेर आली इतकं मोठ्याने बोलले.

अँब्युलन्सने नेलं ते प्रणालीच्याच हॉस्पिटलात, जवळचं ते होतं म्हणून. मी सोबत बसले. माझ्या फोनमध्ये तिचा नंबर होता. वाटेतूनच लावला आणि सांगितलं, सरांना घेऊन येतोय, खाली ये.

आता परत त्या स्ट्रेचरपाशी चला. अकरा वाजून दहा.

डॉक्टर वाईट नव्हता. त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि परत सांगितलं. मनगटाच्या नसेतून बारीक तार हृदयापर्यंत नेणार, तुंबलेल्या जागी फुगा फुगवून वाट करणार, वाट परत मिटू नये म्हणून जाळी बसवणार. "थोडा धोका असतो," तो म्हणाला.

"थोडा म्हणजे शंभरात किती?"

डॉक्टरने आकडा सांगितला. तो मी इथे लिहीत नाही. आकडा लिहायचा तर कुठून आला तेही लिहावं लागतं, आणि मी त्या वेळी विचारायची विसरले. लहानच होता. पण तो ऐकल्यावर सरांनी नजर कागदाकडे वळवली. पुढचा प्रश्न विचारलाच नाही. मला ते बरोबर वाटलं नाही. चार प्रश्नांचा माणूस एकावर थांबला होता.

तेवढ्यात प्रणाली जिन्याने धावत आली. गळ्यात ओळखपत्र, हातात काही नाही. डॉक्टर तिला ओळखत होता. "तुमचे सर का हे?" तो म्हणाला. "मी टीमला तयार ठेवतो. पाच मिनिटं. नाहीतर मग मला काही सांगता येणार नाही."

प्रणाली सरांच्या डोक्याशी उभी राहिली, मग खाली वाकली, म्हणजे त्यांना मान वळवावी लागू नये. डॉक्टरने सांगितलेलंच तिने सांगितलं, निम्म्या शब्दांत. मनगट, तार, फुगा, जाळी. किती वेळ, दुखणार किती, मध्ये काय होऊ शकतं. नीट सांगत होती. सर तिच्याकडे बघत होते.

आणि सरांनी मान हलवली.

प्रणाली थांबली. मी पण बघितलं ते. पेन नर्सच्या हातात तयार होतं, डॉक्टर दारातून बघत होता, मान हललेली होती. दुसरी कुणी असती तर पेन पुढे केलं असतं. मला तर वाटत होतं, कर बाई, दे पेन, मान बिन राहू दे.

"सर," ती म्हणाली, "तुमी मान हलवलीत."

"हो."

"मग मला पुढं जाता येत न्हाई. आता तुमी सांगा मला, काय करणार हायेत?"

आणि गप्प बसली. इतक्या रविवारांत कुणाला न जमलेलं ते गप्प बसणं तिला तिथे जमलं.

"मनगट," सर म्हणाले. पुढचं आलं नाही. परत "मनगट" म्हणाले. मग ते माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "आवाज येतोय, हिराबाई. अर्थ येत नाहीये."

"घाबरलाव," मी म्हटलं.

"हो."

"मग मघाशी मार्क कसले देत होतात?"

"ते येतं मला." जरा थांबले. "वर्गात शिकवताना शंभर माणसं असतात. शंभरात एक म्हटलं की बाकीचे नव्व्याण्णव दिसतात. इथं बघतोय तर मी एकटाच आहे."

मी काही गोड बोलणारी बाई नाही. हात धरणं वगैरे मला येत नाही, आणि त्यांच्या दोन्ही हातांना सुया लावलेल्या होत्या. मी स्ट्रेचरच्या कडेला धरून उभी राहिले, गुडघा दुखत होता म्हणूनही.

"एकटे कुटं?" मी म्हटलं. "मी हाय ना. दोन झाले. आता ऐका. तुमचा नल तुंबलाय. मनगटातून तार घालनार. जिथं तुंबलाय तिथं फुगा फुगवून वाट करनार. वाट परत मिटू नये म्हनून जाली लावनार. तुमी जागेच असनार. दुखला तर सांगायचा. कधीमधी एकाद्याला वाईट पन होते, ते डॉक्टरनं लपवला नाय. समजला का मी विचारत नाय. विचारा तुमचा पुढचा."

सर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या डोळ्यांत जरा ते रोजचं, त्रास देणारं काहीतरी परत आलं.

"न केलेल्यांचं काय झालं?"

"ते रविवारी वर्ग घेत नाय," मी म्हटलं.

प्रणालीने तोंड दुसरीकडे केलं. नर्स हसली की काय माहीत नाही. सरांनी डोळे मिटले, उघडले आणि प्रणालीला सगळं सांगितलं. मनगट, तार, फुगा, जाळी, धोका, न केलं तर काय. एकदा अडकले, परत सुरू केलं. ती मध्ये बोलली नाही. संपल्यावर तिने नर्सकडून पेन घेऊन त्यांच्या बोटांत दिलं. सही वाकडी आली. सहीखाली तारीख टाकली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून विचारलं, "हे बरोबर आहे का?" नर्स म्हणाली दोन मिनिटं पुढे आहे. सरांनी दोन मिनिटं वजा करून वेळ लिहिली. डॉक्टर दारातून आला आणि कागद ओढायला हात पुढे केला.

"सर, खाली एक रकाना राहिला," प्रणाली म्हणाली. "सोबत आलेल्या व्यक्तीचं नाव आणि नातं."

सर छताकडे बघत होते. रकाना रिकामा ठेवणाऱ्याचे एकेका रकान्याला दोन मार्क ते कापतात. हा रकाना त्यांनी स्वतःसाठी कधी भरला नसावा.

"हिराबाई म्हात्रे लिव," मी म्हटलं. "नातं, शेजारीन."

प्रणालीने लिहिलं. स्ट्रेचर हललं. सर चाकांवरून जाताना म्हणाले, "शेजारीण हे नातं आहे, असं कुठं लिहिलंय?"

"हा काय, आता लिवलाय."

"मार्क?" प्रणालीने विचारलं. तिला तेव्हाही हवे होते. ती चालता चालता त्यांच्या बाजूने जात होती. "आठ," सर म्हणाले. आणि मला, मी विचारलं. "तुम्हाला देता येत नाहीत, तुम्ही पेशंट आहात."

"आज मी नाय," मी म्हटलं. "आज तुमी."

दार मिटलं. बाहेर लोखंडी बाक होता. प्रणाली माझ्याशेजारी बसली, थोड्या वेळाने तिला वर बोलावणं आलं म्हणून गेली, परत आली. मी वही उघडली. सातव्या दिवसाची जागा कोरी होती. मी त्यात लिहिलं, 'मंगळवार. लिफ्टने खाली आणलं.' माझं अक्षर मोठं आहे, दोन ओळी गेल्या.

वामन जाधव, वय एकाहत्तर, त्या दारातून आत गेले आणि जिवंत बाहेर आले. बाकावर मी होते. हिराबाई म्हात्रे, वय चौऱ्याहत्तर, शेजारीण.